गिटारीचं पोट

माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वखारीतल्या फिरत्या करवतीनं मुळापासून नेली आणि तिसरं अर्धं नेलं. एकाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. तो सुतार. आमचं गाव प्रवरेच्या काठचं, कोल्हारपासून फार लांब नाही. हात दोन महिन्यांत बरा झाला. तो मात्र भिंतीकडं तोंड करून बसला, तो उठेना.

नवऱ्याला मी तोंडानं कधी ‘तो’ म्हटलं नाही. पण लिहिताना अहोजाहो केलं की गोष्ट दुसऱ्याच माणसाची वाटते, म्हणून इथं ‘तो’ लिहिते.

सुरुवातीला लोक यायचे, बसायचे, चहा पिऊन जायचे. एक जण बाजेचा मोडका पाय घेऊन आला. मोडका कसला, त्यानं मुद्दाम दगडानं ठोकून मोडला होता, ते लाकडावर दिसत होतं. माझ्या नवऱ्यालाही ते दिसलं. “दुसऱ्याकडं जा,” एवढंच म्हणाला आणि परत भिंतीकडं वळला. त्यानंतर कुणी काम आणलं नाही. त्याची हत्यारं मी तेल लावून गोणपाटात बांधून ठेवली.

आमच्या घरापासून पाट हाकेच्या अंतरावर. पाट म्हणजे धरणाचं पाणी शेतांना नेणारा कालवा. एरवी कोरडा, तळाला गाळ. पाणी सुटलं की माणूस उभा बुडेल एवढा वाहायचा. पाणी सुटलं की गाव खूश व्हायचं, ऊसवाले फावडी घेऊन पळायचे. मी चुलीपुढं बसून घाबरायचे.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षी खालच्या आळीतला एक माणूस असाच गप्प गप्प झाला होता आणि एके दिवशी पाटावरच्या रस्त्याखालच्या मोरीत अडकलेला सापडला. त्याला बाहेर काढायला माझा नवरा गेला होता. ओल्या कपड्यांनी घरी आला, अंघोळ केली, आणि पुसता पुसता म्हणाला, “सुटला.” बाकी काही नाही. तेव्हा मी त्या शब्दाकडं लक्ष दिलं नाही. बोटं गेल्यावर तो शब्द माझ्या कानातून जाईना.

घरात आम्ही तिघंच. तो, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझी सासू. विहिरीचा सोल, म्हणजे पाणी शेंदायचा जाड दोर, मी शेजारणीकडं नेऊन ठेवला. ढेकणाचं औषध उकिरड्यात पुरलं. सकाळी तो टमरेल घेऊन बाहेर निघाला की आत्याबाई खराटा घेऊन अंगण झाडायला लागायच्या आणि झाडत झाडत पार रस्त्याच्या वळणापर्यंत जायच्या. तिथून त्यांना पाटाचा बांध दिसायचा. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी ओसरीवर बसून धान्य निवडायचे. निवडलेलंच परत निवडायचे. आम्ही दोघी ह्यावर कधी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर ते खरं झालं असतं असं मला वाटायचं. त्यांनाही तसंच वाटत असणार.

असे आठ महिने गेले.

हाताला रग लागायची म्हणून मलम आणायला मी नगरला गेले. तो आला नाही. कॅम्पाच्या बाजूला जुन्या सामानाचं एक दुकान होतं. पलटणीतल्या ट्रंका, लोखंडी खाटा, फुटके कंदील, असला माल. तिथं खिळ्याला एक वाद्य टांगलेलं होतं. मानेला दोरी बांधून. वाऱ्यानं सावकाश फिरत होतं. मला ते बघवेना.

“ते खाली काढा,” मी दुकानदाराला म्हणाले.

“घेणार असाल तर काढतो.”

“काढा आधी.”

त्यानं काढलं. “गिटार आहे, बाई. साहेब लोकांची. लई जुनी. असलं लाकूड आता मिळत न्हाई.”

“वाजते का?”

“वाजत असती तर तुम्हाला दाखवली असती का?”

मी ती हातात घेतली. पाठ उभी चिरलेली, त्यात माझी करंगळी जात होती. मान दुधाच्या दातासारखी हलत होती. पोटावर एक आडवी पट्टी चिकटवलेली असते, तिला तारा बांधतात. ती एका टोकानं उचकटलेली. सहा खुंट्यांपैकी चार शिल्लक. तार एकही नाही. आत झुरळांची वाळलेली अंडी. मी सुताराची बायको, लाकडावर बोट वाजवल्याशिवाय राहवत नाही. वाजवलं. पाठ शिसवी होती. पोटाचं लाकूड फिकं, हलकं, देवदारासारखं, आणि वाळून इतकं खणखणीत झालेलं की बोटाचा आवाज आत बराच वेळ फिरला.

तेव्हा मला एक गोष्ट सुचली. बाजेचा पाय तिरका बसला तर गावातलं शेंबडं पोरही ओळखतं. अडीच बोटं गेलेल्या सुतारानं तो बसवला तर सगळे वाकून वाकून बघणार. पण गिटारीतलं आमच्या गावात कुणाला काय कळत होतं? ती वाकडी झाली काय, सरळ झाली काय, ओळखणार कोण? बिघडवायला ह्याहून चांगली वस्तू मिळाली नसती.

“कोण वाजवणार?” दुकानदारानं विचारलं.

“कुणी न्हाई.”

“मग चुलीत घालायला नेताय का?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“तसं न्हाई, बाई. मिशनच्या शाळेत गाणं शिकवणारे एक मास्तर हायेत. ते मागं बघून गेले होते. त्यांना दिली असती. पण ते नुसतेच बघतात.”

काय दिलं ते सांगत नाही. तेव्हा आत्याबाईंनाही खरं सांगितलं नव्हतं.

जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन मी मोटारीत बसले. लुगड्यातून मान बाहेर आलेली. कंडक्टर थांबला. “पोराचं अर्धं तिकीट घ्या, बाई.”

मागची बाई म्हणाली, “मान लांब हाय पोराची. बापावर गेलंय वाटतं.”

सगळी मोटार हसली. मलाही हसू आलं असतं, पण दिवसभर मी घरी नव्हते आणि गाव जवळ येत होतं. मोटार वळणावर आली तेव्हा मी आधी पाटाकडं बघितलं. लोक जमलेत का. नव्हते जमले. मग उतरले.

घरी गेले तर तो भिंतीपाशीच होता. मी गिटार त्याच्या पुढ्यात ठेवली.

“हे काय?”

“लाकूड चांगलं वाटलं म्हणून आणलं. मोडा आणि मला एक पोळपाट करून द्या.”

त्यानं नुसतं बघितलं. आत्याबाई म्हणाल्या, “बये, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय का?” मी भाकरी थापायला बसले.

तीन दिवस ती तशीच पडून होती. चौथ्या दिवशी मी मुद्दाम कोयता घेऊन आले आणि तिच्यापाशी बसले.

“काय करतीस?”

“तुमी करीना, मग मीच फोडते. पाठीच्या फळीचा होईल पोळपाट.”

“पोळपाट?” तो म्हणाला. “ह्याचा?” आणि कोयता माझ्या हातातून काढून घेतला. उजव्या हातानं. मग गिटार उचलली, उजेडात नेली, भोकातून आत बघितलं. “कागदाएवढी फळी हाय ही. शिसवी लाकूड कागदाएवढं काढलंय. कुणी काढलंय बघ तरी. पोळपाट म्हनं. भाड्यानं आणलंस का डोकं?”

आठ महिन्यांत तो इतकं एका दमात बोलला नव्हता. मी आत गेले. मला रडू वगैरे आलं नाही. मला नवीन भीती वाटली. आता हत्यारं काढावी लागणार होती.

पाच पटाश्या होत्या त्याच्याकडं, लाकूड कोरायच्या, केस कापतील अशा. मी गोणपाट सोडून दिलं आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मोजून आत ठेवायला लागले. एकदा चारच भरल्या. मी घर पालथं घातलं. तो अंगणात बसून माझ्याकडं बघत होता. पाचवी पटाशी लाकडाच्या भुशात निघाली. “एवढं काय हुडकतीस?” त्यानं विचारलं. “सुई,” मी म्हणाले.

कामाची रीत अशी. गिटारीची पाठ आधी काढावी लागली. सुरी तापवायची आणि सांध्यातून सावकाश फिरवायची. जुना सरस वितळतो आणि फळी सुटते. सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा गोंद. तोच ताजा करायचा तर वड्या रात्रभर भिजवून, डबा गरम पाण्यात ठेवून विरघळवायच्या. वास असा की पाहुणा उंबऱ्यावरून परत जावा. सरस गरम आहे तोवर फळी बसवून आवळायची. त्यासाठी दोन हात लागतात आणि त्याच्याकडं दीडच होता. डाव्या हाताचं धरायचं काम माझ्याकडं आलं.

“धर. हितं. हलू नको.”

“हलत न्हाई.”

“हलतीस. श्वास पण घेऊ नको.”

“मग मरू का?” मी म्हणाले.

म्हणाले आणि जीभ चावली. त्या घरात तो शब्द आठ महिन्यांत कुणी काढला नव्हता. तो थांबला. माझ्याकडं बघितलं. सरस थिजायला लागला होता. “नंतर मर,” तो म्हणाला. “आधी धर.”

बाजेच्या सुंभानं गुंडाळून, सुंभाखाली पाचरी ठोकून त्यानं ती आवळली. दोन दिवस तशीच ठेवली. आतल्या दोन फासळ्या सुटल्या होत्या, त्या आणि पोटावरची उचकटलेली पट्टी चिकटवली. मानेच्या बुडाशी शिसवीची पातळ पाचर घातली, मान हलायची थांबली. दोन खुंट्या नवीन केल्या. पाठीची चीर इतकी बुजवली की बोट फिरवून कळत नव्हती. मग काचपेपर, मग चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, कापसाच्या बोळ्यानं, एकावर एक किती हात ते त्यालाच माहीत. महिना गेला. ह्या महिन्यात तो भिंतीकडं तोंड करून बसला नाही. पण पाटाकडं आमची नजर असायचीच. आत्याबाईंचं अंगण वळणापर्यंत चकचकीत असायचं.

मग तारा. चूक तिथं झाली.

गावातल्या देवळात भजनाला एक वीणा होती. तिला पोलादी तारा. त्यानं तेवढंच वाद्य आयुष्यात जवळून बघितलं होतं. नगरला जाणाऱ्या एकाकडून त्यानं तसल्याच सहा तारा मागवल्या आणि चढवल्या. कुठली तार कुठल्या सुरात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्याला एक गोष्ट माहीत होती. बाज विणताना सुंभ ढिला राहिला तर सुताराची अब्रू जाते. त्यानं तारा बाजेसारख्या ताणल्या. नख लावलं की टणत्कार निघेल अशा. मग अंगठा फिरवला. आवाज इतका मोठा निघाला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

तो हसला नाही. “जेवायला वाढ,” म्हणाला. आपणहून जेवायला मागायचं तो विसरलाच होता.

गाव बघायला आलं. एक म्हातारा त्याचा लहानपणापासूनचा ओळखीचा. तो म्हणाला, “काय रं, आता तमाशात जातो का?”

“तू नाच. मी वाजवतो.”

“माझं गुडघं बघ आधी.”

“गुडघं पण बसवून देतो. सरस उरलाय.”

लोक हसले. आत्याबाई आत जाऊन उगाच भांडी आपटत बसल्या. दोन दिवसांनी एक जण पाट बसवायला घेऊन आला, बसायचा पाट. त्यानं घेतला. मग एक जण पाळण्याची खुंटी घेऊन आला. तीही घेतली. दुपारी तो देवळाच्या पारावर जाऊन बसायला लागला. सगळे विचारायचे, अरे ती गिटार तू एकट्यानं केली? तो म्हणायचा, व्हय, एकट्यानं. माझं नाव कधी घेतलं नाही. न घेऊ दे.

आठ दिवसांनी मी ती पुसायला घेतली आणि मला दिसलं की तिचं पोट वर आलंय.

आधी वाटलं डोळ्यांचा दोष. मग मी सुपातले दाणे घेतले. मान जिथं पोटाला मिळते तिथं तार आणि लाकूड ह्यांच्या मधून बाजरीचा दाणा जेमतेम जात होता. मी कुणाला बोलले नाही. तीन दिवसांनी ज्वारीचा दाणा गेला. आणखी चार दिवसांनी तुरीचा. पोटावरच्या त्या आडव्या पट्टीमागं लाकूड फुगत होतं, सातव्या महिन्यातल्या बाईसारखं, आणि पुढच्या बाजूला खचत होतं. पट्टीच्या कडेला केसाएवढी काळी रेघ दिसायला लागली होती. सांधा सुटत होता.

त्याला सांगायला हवं होतं. कोणत्याही शहाण्या बाईनं सांगितलं असतं. पण मी त्याचं तोंड बघायचे. तो जेवत होता, पारावर जात होता, लोकांना टोमणे मारत होता, आणि हे सगळं त्या एका फळीवर उभं होतं. ती फुटली तर गाव म्हणणार, शेवटी बोटं नाहीत हो, काय करणार. ते ऐकून तो परत भिंतीकडं वळला असता. आणि भिंतीपासून पाट लांब नव्हता.

म्हणून मी दुपारी, तो पारावर गेला की, एक एक खुंटी अर्धा वेढा सैल करायला लागले.

संध्याकाळी तो यायचा, अंगठा फिरवायचा. “सरकल्या. खुंट्या धरत न्हाईत.” परत ताणायचा. दुसऱ्या दिवशी मी परत सैल करायचे. त्यानं भोकात खडू चोळला. मग बाभळीच्या सहा नवीन खुंट्या केल्या. त्याही सरकल्या. मग शिसवीच्या केल्या, इतक्या घट्ट की माझं मनगट सुजलं. त्याला झोप लागेना. “खुंटी धरत न्हाई म्हंजे काय? माझ्या हातची खुंटी?” मला त्याची दया यायची आणि भीती वाटायची, पण दोन्हीत भीती जास्त होती.

एके दुपारी आत्याबाईंनी मला धरलं. मी गिटार मांडीवर घेऊन खुंटी पिळत होते आणि त्या दारात उभ्या.

“तू करतीस व्हय हे? माझ्या लेकाला येडं बनवतीस?”

मी त्यांना जवळ बोलावलं. तारेखालून तुरीचा दाणा सारून दाखवला. पट्टीमागची रेघ दाखवली. त्यांनी बोट फिरवलं.

“फुटंल?” त्यांनी विचारलं.

“फुटंल.”

“पिळ मग,” त्या म्हणाल्या. “मी दारात बसते.”

पंधरा दिवस आम्ही दोघींनी असं चालवलं. हरभरा अजून जात नव्हता. मी रोज तेवढंच बघायचे, हरभरा जातो का. मग पाटाला पाणी सुटलं. त्या आठवड्यात पाण्याचा आवाज घरात ऐकू यायचा.

त्या दुपारी मी घाईत होते. आदल्या संध्याकाळी त्यानं तारा नव्यानं गुंडाळल्या होत्या आणि एक तार खुंटीवर उलट्या बाजूनं घेतली होती. मला ते कळलं नाही. मी सैल करायला म्हणून पिळली ती तार आवळली गेली. खुंटी शिसवीची, घट्ट. मी जोर लावला.

बंदुकीसारखा आवाज झाला. आडवी पट्टी पोटाची साल घेऊन उडाली. तारेनं माझा गाल कानापर्यंत कापला. पोटाला भोक पडलं, आतल्या फासळ्या दिसल्या. मी वर बघितलं तर आत्याबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं तो. पारावरून लवकर आला होता.

त्यानं माझ्या गालाकडं बघितलं. गिटारीकडं बघितलं. माझा हात अजून खुंटीवर होता. मला वाटलं ओरडेल, मारेल. मी त्याची वाट बघत होते. त्यानं काही केलं नाही. पोतं घेतलं, त्यात गिटार घातली, उडालेली पट्टी शोधून घातली, पोतं खांद्यावर टाकलं आणि पायात वहाणा न घालता बाहेर पडला.

“जा त्याच्या मागं,” आत्याबाई म्हणाल्या. “पोरी, जा.”

मी गालाला पदर लावून धावले. सरळ पाटावर गेले. बांधानं मोरीपर्यंत गेले, मोरीच्या जाळीत बघितलं. उसाचं पाचट अडकलं होतं. परत उलट्या दिशेनं गेले. पाणी तांबडं, भरभरून चाललेलं, त्यात काही दिसायची सोय नव्हती. एक बाई धुणं धूत होती.

“काय गं हुडकतीस?”

“म्हैस.”

“तुमच्याकडं म्हैस कधी आली?” मग तिनं माझा गाल बघितला. “तुझा मालक मघाशी थांब्याकडं गेला. पोतं होतं खांद्यावर. काय झालं?”

मी थांब्याकडं निघाले. चहावाल्यानं सांगितलं, नगरच्या मोटारीत बसला. म्हणजे पाटावर गेला नव्हता. मग आठवलं, नगरला रेल्वे आहे.

मी तिथंच दगडावर बसले. चहावाल्यानं चहा दिला, तो तसाच ठेवला. नगरकडून एक मोटार आली. चार माणसं उतरली, तो नव्हता. तासाभरानं दुसरी आली. तीतून कुणीच उतरलं नाही. मी मनात ठरवायला लागले की आत्याबाईंना काय सांगायचं. कसं सांगायचं. पहिलं वाक्य काय. मला तेच आठवतं, मी रडत नव्हते, वाक्य जुळवत होते. दिवेलागण झाली. तिसरी मोटार आली.

तो मागच्या दारानं उतरला. खांद्यावर पोतं, अनवाणी. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कपाळाची शीर ताठलेली.

“आतड्याच्या तारा असतात त्याला,” तो म्हणाला. “बकऱ्याच्या आतड्याच्या. पोलादी न्हाई. नगरात विचारत विचारत मिशनच्या शाळेत गेलो, तिथला मास्तर हसला मला. म्हणाला, ह्या जुन्या गिटारीला लोखंडी तारा घालणं म्हंजे शेळीला नांगराला जुंपणं. महिनाभर टिकली कशी म्हणाला. पाठ कुणी केली विचारलं. मी म्हटलं मी. दोन वेळा विचारलं त्यानं.”

“मग?”

“मग काय? नवीन पोट घालावं लागंल. तारा तो देतो म्हणाला. आता प्लॅस्टिकच्या पण निघाल्यात म्हनं.” मग त्यानं माझ्या गालाकडं बघितलं. “तू खुंट्या पिळत होतीस?”

“व्हय.”

“किती दिवस?”

“बरेच.”

“मी चौदा खुंट्या केल्या,” तो म्हणाला. “चौदा. का पिळत होतीस?”

“पोट फुगत होतं.”

“मग सांगायचं न्हाई? तोंड न्हाई तुला?”

“भीती वाटत होती.”

“कशाची? गिटारीची?”

चहावाला दिवा लावत होता. आता पुढं काही लपवायची मला ताकद नव्हती. “पाटाची,” मी म्हणाले.

त्यानं पोतं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“मला पवता येतं,” तो म्हणाला. “पवणारा माणूस बुडत न्हाई. हात आपोआप चालतात.”

म्हणजे त्यानं विचार केला होता. इतके दिवस मला भीती होती, पण ती माझीच असेल, माझ्या डोक्यातलीच असेल, अशी एक जागा मी ठेवली होती. ती जागा गेली. तो उन्हाळ्या-पावसाळ्याबद्दल बोलावं तसं बोलला. मी त्याच्याकडं बघू शकले नाही.

“चल,” तो म्हणाला.

मी नेहमीसारखी तो पुढं व्हायची वाट बघत उभी राहिले. बायका मागं चालतात, त्यात वेगळं काही नव्हतं. पण तो हलला नाही.

“तू हो पुढं. माझ्या मागं मागं नको चालूस आता. आयला पण सांग. अंगण तेवढं मोठं न्हाई आपलं.”

मी पुढं झाले. थांब्यावरून घराकडं जाताना पाटाची मोरी ओलांडावी लागते. कठडा नव्हता तिला. अंधारून आलं होतं. खालून पाणी जात होतं आणि त्या आवाजात त्याच्या अनवाणी पावलांचा आवाज मला नीट ऐकू येत नव्हता. पोत्यात एक सुटलेली तार होती, ती मात्र दर पावलाला खण् खण् करत होती. मोरीच्या मधोमध ती थांबली.

मी मागं वळले नाही. का वळले नाही ते मला अजून सांगता येत नाही. उभीही राहिले नाही, पाय टाकत राहिले. एक, दोन, तीन, चार. पलीकडच्या मातीला पाय लागला तेव्हा मागून त्याचा आवाज आला, “काटा मोडला,” आणि मग खण्, आणि मग परत खण्.